मेंदूच्या तळचें कडें

डोकें दुखणें ही गोष्ट आजारांत जमा धरण्याची वहिवाट आमच्या घरांतून नाहीं. मुलास ताप आला तर थर्मामीटर निघतो. पोट बिघडलें तर ताकभात नि लंघन ठरलेलें. परंतु घरांतील एखाद्या बाईनें "आज कपाळ उठलें आहे" असें म्हटलें, तर सुंठेचा लेप किंवा बामची डबी यांपलीकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. ती बाईही डोक्यास फडकें बांधून पोळ्या लाटीतच राहते. बहुतेक डोकेदुखी खरोखरीच निरुपद्रवी असते, त्यामुळें या वहिवाटीस सरसकट नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. पण जी थोडी निरुपद्रवी नसते तिचा उगम कोठें असतो, आणि ती ओळखावी कशी, एवढें तरी घरांतील जाणत्या माणसांस ठाऊक असावें असें आम्हांस वाटूं लागलें आहे. तें कां, हें पुढें येईलच. आधीं त्या जागेची थोडी ओळख करून घेऊं.

आपल्या मेंदूचें वजन सुमारें तेराशें-चौदाशें ग्रॅम, म्हणजे सबंध देहाच्या शंभरांत दोन भाग. पण त्याचा खर्च मात्र मोठ्या घराण्यांतील लाडक्या मुलासारखा. हृदयांतून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सातवा-सहावा हिस्सा तो एकटा घेतो; दर मिनिटास सुमारें पाऊण लिटर. शिवाय त्याच्यापाशीं शिल्लक अशी कांहीं नसते. पोटास चार दिवस उपास घडला तरी माणूस जगतो. मेंदूचा पुरवठा पुरता थांबला तर दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाते आणि थोड्याच मिनिटांत कायमची हानि होते.

हें रक्त वर चढतें तें चार वाटांनीं. दोन वाटा पुढच्या. गळ्याच्या घाटीच्या दोहों बाजूंस, जबड्याच्या खालीं, बोट हलकेंच टेकून पाहिलें तर त्यांचा ठोका लागतो. या ग्रीवाधमन्या, मेंदूचा जवळजवळ चार पंचमांश भार यांच्याच शाखांवर असतो. दोन वाटा मागच्या. त्या मानेच्या मणक्यांच्या बाजूच्या भोंकांतून, माळेंतल्या दोऱ्यासारख्या, वर जातात आणि कवटीच्या तळच्या मोठ्या द्वारांतून आंत शिरून एक होतात. चौघी अशा आंत आल्या कीं मेंदूच्या बुडाशीं, जेथें दोन्ही डोळ्यांचे मज्जातंतु एकमेकांस छेदून जातात त्या ठिकाणाभोंवतीं, लहान लहान दुव्यांनीं परस्परांस जोडल्या जातात. पुढें एक दुवा डाव्या-उजव्यांस जोडतो. मागें दोन दुवे पुढच्यांस मागच्यांशीं जोडतात. असें साधारण रुपयाच्या नाण्याएवढें एक कडें तयार होतें. त्या कड्यांतूनच पुढल्या, मधल्या आणि मागल्या अशा तीन जोड्या निघून सबंध मेंदूस रक्त पुरवितात. ऑक्सफर्डच्या टॉमस विलिस नांवाच्या वैद्यानें सन १६६४ मध्यें या कड्याचें उत्तम वर्णन केलें, म्हणून जगभर त्यास विलिसचें नांव आहे.

या रचनेचा हेतु काय, हें आम्हां भिवंडीकरांस समजण्यास फार सायास पडूं नयेत. मुंबईचें पाणी आमच्या दारावरून जातें. तानसा तलाव १८९२ सालीं पुरा झाला तेव्हांपासून मुंबईस जाणारे जंगी नळ आमच्या तालुक्याच्या शेतांतून, खाडीवरून, आडवे जात आले आहेत. पाठोपाठ वैतरणेचे व भातसाचे नळ आले. एवढ्या मोठ्या शहराचा पुरवठा एकाच नळावर ठेवणें शहाणपणाचें नव्हे. नळ अनेक हवेत आणि त्यांस मध्यें मध्यें जोडहि हवेत, म्हणजे एक बंद पडला तर दुसऱ्याचें पाणी तिकडे वळवितां येतें. मेंदूच्या तळचें कडें तेंच करतें. एका बाजूची ग्रीवाधमनी हळूहळू तुंबत गेली तर दुसऱ्या बाजूचें रक्त पुढल्या दुव्यांतून इकडे येतें, मागचें रक्त मागल्या दुव्यांतून पुढें येतें, आणि माणसास पत्ताही लागत नाहीं. विलिसनेंच एक उदाहरण दिलें आहे. पोटांतील गांठीनें मेलेल्या एका मनुष्याचें डोकें त्यानें उघडून पाहिलें, तेव्हां त्याची उजवी ग्रीवाधमनी पार बंद झालेली आढळली. पण तो गृहस्थ हयातींत लुळा झाला नव्हता, कीं बुद्धीनें अधू झाला नव्हता. त्याच बाजूची मागची धमनी दुसरीच्या तिप्पट जाड होऊन सारा भार वाहत होती.

मात्र येथें एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुस्तकांत छापलेलें सुरेख, सर्व दुव्यांनीं पूर्ण असें कडें निम्म्याहून कमी माणसांत सांपडतें. कोणाचा पुढला दुवा केसासारखा बारीक असतो. कोणाचा मागला एका बाजूस नसतोच. तर कोणाचा मागला दुवा इतका मोठा असतो कीं मेंदूच्या मागच्या भागाचा सारा संसार त्याच्यावरच चालतो. गर्भावस्थेंत तो सर्वांचाच तसा असतो; कांहींचा जन्मभर तसाच राहतो. एकत्र कुटुंबांचेंही असेंच नाहीं काय? बाहेरून सारीं घरें भरलेलीं, चार भावांचीं, सारखींच दिसतात. आंत कोणाचा आधार कोणास किती, हें प्रसंग आल्याशिवाय उमगत नाहीं. शल्यवैद्यास तो प्रसंग येण्यापूर्वींच पाहून ठेवावें लागतें, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट अशी कीं, कड्यापर्यंत जो शेजारधर्म आहे तो कड्यापुढें झपाट्यानें आटत जातो. कड्यापासून सरळ वर मेंदूच्या गाभ्यांत शिरणाऱ्या कांहीं धमन्या केसाएवढ्या बारीक असतात. त्या आमच्या जुन्या गांवांतल्या बोळांसारख्या आहेत: तोंड एकच, पुढें भिंत. बोळाचें तोंड बंद झालें तर आंतल्या घरांस दुसरीकडून वाट नाहीं. एवढीशी धमनी बुजली तर सबंध एक अंग लुळें पडतें. मोठ्या नळांची काळजी सर्वांसच असते. कुशल हाताची परीक्षा या बोळांपाशीं होते.

आतां भयाचें ठिकाण. जेथें जेथें धमनीस फांटा फुटतो तेथें तेथें रक्ताचा लोंढा बेचक्यावर आपटतो. कवटीच्या आंतल्या धमन्यांच्या भिंती आधींच इतर ठिकाणांपेक्षां पातळ. त्यांत रक्ताचा दाब वाढलेला, तंबाखूचा धूर, किंवा घराण्यांतून आलेला भिंतीचा दुबळेपणा अशी भर पडली कीं बेचक्याची जागा वर्षानुवर्षें फुगत जाते आणि तेथें लहानसा फुगा तयार होतो. यास धमनीविस्फार म्हणतात; डॉक्टरांच्या तोंडीं ॲन्युरिझम. शंभर प्रौढ माणसांत सुमारें तिघांच्या डोक्यांत असा फुगा असतो, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांत अधिक. त्यांपैकीं बहुतेकांचा तो जन्मांत कधीं फुटत नाहीं, त्यांस तो असल्याचें कळतही नाहीं. पण ज्याचा फुटतो त्याच्या मेंदूच्या आवरणाखालीं रक्त पसरतें, आणि अशांपैकीं एक तृतीयांशाहून अधिक माणसें हातचीं जातात.

हें सारें आम्ही पुस्तकांत वाचून शिकलों असतों तर बरें झालें असतें. आम्ही तें शिकलों आमच्या थोरल्या वहिनींमुळें.

वहिनी आमच्या ब्राह्मण आळींतल्या घरांत सून होऊन आल्या त्यास आतां चाळीसांहून अधिक वर्षें झालीं. तीन वर्षांपूर्वींच्या श्रावणांत त्यांच्या उजव्या डोळ्यामागें दुखूं लागलें. मोतीबिंदू असेल, चष्म्याचा नंबर बदलला असेल, असें त्या स्वतःच म्हणत. चौथ्या दिवशीं सकाळीं तांदूळ निवडीत बसल्या असतां धाकटी सूनबाई समोर येऊन बसली आणि एकदम म्हणाली, "मोठ्या आई, तुमची पापणी खालीं आलीय. आणि हा डोळ्यांतला काळा ठिपका त्याच्यापेक्षां मोठा दिसतोय." ती मुलगी कांहीं वैद्यकी शिकलेली नाहीं, हिशेबतपासनिसाच्या कचेरींत काम करते. पण तिची नजर आंकड्यांतला फरक टिपणारी. आमच्या नेहमींच्या डॉक्टरांनीं तिचें बोलणें ऐकलें, टॉर्चनें दोन्ही डोळे पाहिले, आणि चष्म्याची गोष्ट तेथेंच संपविली. "थांबूं नका, आजच मुंबईस न्या," एवढेंच ते म्हणाले. गोदामांच्या मालमोटारींच्या रांगांतून, कशेळीच्या पुलावरून आमची गाडी ठाण्याकडे निघाली तेव्हां वहिनी पदराखालीं डोळा झांकून बसल्या होत्या आणि घरीं भिजत घातलेल्या डाळीची आठवण करून देत होत्या.

मुंबईच्या रुग्णालयांत धमन्यांचें चित्र काढण्यांत आलें. तें यंत्रावर दिसूं लागल्यावर तेथील शल्यवैद्यांनीं दादांस आणि आम्हांस जवळ बोलावलें, आणि एका कागदावर पेन्सिलीनें तें कडें काढून दाखविलें. उजवी ग्रीवाधमनी मेंदूपाशीं येऊन जेथें मागला दुवा सोडते, नेमक्या त्या बेचक्यांत सात मिलिमीटरांचा फुगा होता. पापणी उचलणारा आणि बाहुली लहान करणारा मज्जातंतु त्याच्या अगदीं लगत जातो. फुग्यानें त्यासच चेपलें होतें. "हा फुगा फुटण्यापूर्वीं दार ठोठावतो आहे," डॉक्टर म्हणाले. "पुष्कळांचा न ठोठावतां फुटतो. तुमच्या सूनबाईंनीं तें ऐकलें."

उपाय दोन होते. मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनींतून बारीक नळी वर नेऊन फुग्यांत प्लॅटिनमच्या तारेचें वेटोळें भरणें, हा एक. ही रीत १९९१ नंतर रूढ झाली आणि आज पुष्कळांस तीच दिली जाते. दुसरा जुना, कवटी उघडून फुग्याच्या मानेस चिमटा लावणें. वहिनींच्या फुग्याची मान रुंद होती, तारेचें वेटोळें आंत नीट ठरलें नसतें. म्हणून डॉक्टरांचा कल चिमट्याकडे होता. दादांनीं विचारलें, "धोका किती?" डॉक्टरांनीं पेन्सिलीचें टोंक फुग्यापाशीं टेकलें. ते म्हणाले, "चिमटा लावणें हें अवघड काम नाहीं. कोठें लावायचा नाहीं हें ठाऊक असणें अवघड. हा मागला दुवा पाहा. यांचा तो जन्मापासून मोठाच राहिला आहे, तेव्हां तो बुजला तर मेंदूचा मागचा भाग जाईल, दृष्टि जाईल. आणि फुग्याच्या पलीकडे दोन-तीन मिलिमीटरांवर ही दुसरी बारीक धमनी. चिमट्याच्या टोंकांत ती सांपडली तर डावें अंग लुळें पडेल." आम्ही त्या कागदावरची ती रेघ पाहत होतों. पेन्सिलीची रेघच ती, पण तिच्यावर आमच्या घराचें सारें चालणें-फिरणें टांगलें होतें.

शस्त्रक्रिया सहा तास चालली. केसांच्या रेषेमागें, कानशिलापाशीं, हाडाची एक खापरी काढतात. पुढें मेंदू कापीत नाहींत. मेंदूच्या दोन पाळ्यांमधील नैसर्गिक फट सूक्ष्मदर्शकाखालीं, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु सोडवीत, हळूहळू उकलीत तळाशीं जातात. तेथें मेंदूभोंवतींच्या नितळ पाण्याच्या लहान लहान कुंडांत त्या धमन्या पडलेल्या असतात. वहिनींच्या फुग्याच्या मानेस टिटॅनियमचा नखाएवढा चिमटा बसला, दोन्ही शेजारी धमन्या वाचल्या. पापणी मात्र लगेच उघडली नाहीं. ती दिवाळीनंतर थोडी, संक्रांतीस अर्धी, आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवापर्यंत जवळजवळ पूर्ण उघडली.

हा चिमटा पहिल्यानें ज्यानें लावला तो अमेरिकेंतील बाल्टिमोरचा शल्यवैद्य वॉल्टर डँडी. सन १९३७ च्या मार्चमध्यें त्याच्यापुढें आलेल्या रोग्याची पापणी अशीच पडलेली होती, फुगा याच ठिकाणचा होता, आणि चिमटा चांदीचा होता. त्याच्या दहा वर्षें आधीं, १९२७ सालीं, लिस्बनच्या एगास मोनिश यानें जिवंत माणसाच्या मेंदूंतील धमन्यांचें चित्र क्ष-किरणांनीं घेण्याची युक्ति काढली होती. आपल्या देशांत जेकब चँडी यांनीं १९४९ सालीं वेल्लोर येथें मेंदूच्या शस्त्रक्रियेचें काम सुरूं केलें, मुंबईस के. ई. एम. रुग्णालयांत तो विभाग पुढील दशकांत डॉ. होमी दस्तूर यांनीं उभा केला. एकाच्या नकाशावर दुसऱ्याचें पाऊल, अशी ही वाट आहे. पण मुळांत तो नकाशा आला कोठून? वहिनी घरीं परतल्यावर आम्हांस या प्रश्नानें पछाडलें, आणि त्यानिमित्त जें वाचनांत आलें तें येथें थोडक्यांत सांगतों.

दुसऱ्या शतकांत रोमनगरींत गॅलेन नांवाचा थोर वैद्य होऊन गेला. माणसाचें प्रेत फाडण्यास तेथें मज्जाव असल्यानें त्यानें बैल, डुकरें, माकडें यांचीं शरीरें फाडून पाहिलीं. बैलाच्या मेंदूच्या तळाशीं धमन्यांचें एक दाट जाळें असतें. गॅलेननें तें पाहिलें, आणि माणसांतही तें असणारच, आणि प्राणांचें सूक्ष्म तेज तेथेंच तयार होत असणार, असें लिहून ठेविलें. माणसाच्या डोक्यांत असें जाळें नाहीं. तरी पुढें तेराशें वर्षें वैद्य तें शिकले आणि त्यांनीं तें शिकविलें. पाडुआचा व्हेसेलियस याच्या १५३८ च्या चित्रांतही तें जाळें आहे. १५४३ च्या आपल्या मोठ्या ग्रंथांत मात्र, माणसांचींच शरीरें पुनःपुन्हा फाडून पाहिल्यावर, तें माणसांत नाहीं असें त्यानें स्पष्ट सांगितलें. त्यानंतर सव्वाशें वर्षांच्या आंत विलिसचें पुस्तक आलें. त्यांतील मेंदूचीं चित्रें काढण्यास क्रिस्टोफर रेन याचा हात लागला होता. लंडनचें सेंट पॉलचें मंदिर ज्यानें बांधलें तोच हा रेन. बैलाच्या डोक्यावरून केलेल्या अनुमानानें तेराशें वर्षें फुकट घालविलीं, आणि माणसाच्या डोक्याकडे नीट पाहिल्यावर सव्वाशें वर्षांत खरें कडें हातीं लागलें.

आपल्याकडे ही दृष्टि नव्हती असें नाहीं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत प्रेत पाहून शिकण्याचा विधि सांगितला आहे. सर्वांगानें पूर्ण, विषानें वा दीर्घ रोगानें न मेलेलें, असें प्रेत मुंज, कुश अशा गवतांत गुंडाळून पिंजऱ्यांत घालून वाहत्या पाण्यांत एकांत जागीं ठेवावें. सात रात्रींनीं काढून वाळ्याच्या किंवा केसांच्या कुंच्यानें हलकेंच घांसून त्वचेपासून एकेक थर डोळ्यांनीं पाहावा, असा तो विधि. मानेंतील आठ शिरांस त्याच ग्रंथांत मातृका असें नांव आहे, आणि त्यांवर घाव बसतां तत्काळ मृत्यु सांगितला आहे. ज्यानें त्यांस आईचें नांव दिलें त्यास त्यांची योग्यता कळली असली पाहिजे. पण प्रेतास हात लावणें पुढें विटाळांत जमा झालें आणि ती विद्या पुस्तकांत राहिली.

मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं निघालें, तेव्हां प्रेत फाडण्याचा प्रश्न आमच्या समाजापुढें नव्यानें उभा राहिला. १८५१ सालीं तेथून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडींत भाऊ दाजी लाड होते. आमच्या शेजारच्या कल्याणची लेक आनंदीबाई जोशी हिला हीच विद्या शिकण्यास सातासमुद्रांपलीकडे फिलाडेल्फियास जावें लागलें. १८८६ सालीं ती डॉक्टर झाली आणि पुढल्याच वर्षीं, वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या आंत, गेली. सोंवळ्या घरांतून या मंडळींनीं विच्छेदनाच्या मेजापाशीं पाऊल टाकलें, ही कांहीं लहान गोष्ट नव्हे.

तथापि त्या मेजावर कोण होतें, हा प्रश्न आम्हीं इतके दिवस स्वतःस विचारला नव्हता. १९४९ च्या मुंबई शरीरशास्त्र कायद्यानें, ज्या प्रेतावर कोणी हक्क सांगत नाहीं असें प्रेत वैद्यकीय शिक्षणासाठीं देण्याची तरतूद केली. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या आपले डॉक्टर ज्यांच्या देहांवर शिकले त्यांत बहुतेक बेवारस होते: पदपथावर मेलेले, पोटासाठीं परमुलखीं आलेले, ज्यांच्या गांवीं निरोप पोंचला नाहीं असे. आमच्या भिवंडींत मागावर राबणाऱ्या परमुलखी माणसांस वाण नाहीं. त्यांच्यांतलाच कोणी एके दिवशीं असा गेला असेल, आणि त्याच्या डोक्याच्या तळचें कडें कोणा विद्यार्थ्यानें चिमट्यानें उचलून पाहिलें असेल. मागला दुवा एखाद्याचा किती मोठा असूं शकतो, हें त्या विद्यार्थ्यास तेव्हां कळलें असेल. वहिनींची दृष्टि आणि त्यांचें डावें अंग त्या ज्ञानानें वाचलें.

हें आम्ही जेवतांना एकदां बोलून दाखविलें. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. पुढल्या महिन्यांत त्यांनीं धाकट्या सूनबाईकडून देहदानाचा छापील अर्ज मागवून घेतला आणि भरला.

घरांत वादळ झालें तें आम्ही लपवीत नाहीं. दादा आठ दिवस धड बोलले नाहींत. शेवटीं म्हणाले, "तुला अग्नि द्यायचा नाहीं, तर मुलांनीं करायचें काय? बारावें, तेरावें कशाचें करायचें?" वहिनी म्हणाल्या, "अहो, माझ्या आधीं ज्यांना तिथं ठेवलं, त्यांचं बारावं कुणी केलं? त्यांना कुणी विचारलं तरी होतं का? मी निदान स्वतःच्या हातानं सही करून जातेय." त्यावर दादांनीं आमच्या उपाध्यायांस बोलावलें, आम्हांस वाटलें, आतां अर्ज फाटतो. वृद्ध गुरुजींनीं सारें ऐकून घेतलें आणि शांतपणें सांगितलें कीं, परदेशीं मेलेल्याचा किंवा देह न सांपडलेल्याचा पळसाच्या पानांची प्रतिमा करून दाह करण्याचा विधि शास्त्रांत पूर्वींपासून आहे. देह नाहीं म्हणून क्रिया अडत नाहीं. दधीचि ऋषींचें नांव त्यांनीं घेतलें नाहीं, आणि तें आम्हांस आवडलें. वहिनींस कोणी ऋषींच्या पंक्तीस बसवावें अशी त्यांचीही इच्छा नव्हती.

आपण तीन ऋणें मानतों: देवांचें, ऋषींचें, पितरांचें. यज्ञानें, अध्ययनानें, संततीनें तीं फेडावयाचीं. ज्यांचें नांव, गोत्र, गांव कांहींच ठाऊक नाहीं अशांचें ऋण कसें फेडावें, याची मात्र सोय केलेली आमच्या वाचनांत नाहीं. वहिनींनीं आपल्यापुरती ती लावून घेतली. डोक्यांतील चिमट्याविषयीं त्यांनीं डॉक्टरांस विचारलेंही होतें. ते हंसून म्हणाले कीं मुलें तोही पाहतील, आणि नीट पाहतील.

ज्यांस हा विचार पटेल त्यांच्यासाठीं दोन व्यवहाराच्या गोष्टी. अर्ज केवळ इच्छा दाखवितो. ऐन वेळीं महाविद्यालयास कळविणें आणि देह लवकर पोंचविणें हें मागें राहिलेल्यांच्या हातीं असतें. म्हणून घरच्यांस सांगितल्यावांचून भरलेला अर्ज फुकट. अपघातानें किंवा संशयास्पद रीतीनें मृत्यु येऊन शवपरीक्षा झाली असेल, अथवा कांहीं संसर्गजन्य रोग असतील, तर देह घेत नाहींत. ज्यांस हें पटणार नाहीं त्यांच्याशीं आमचा वाद नाहीं. दादांसही अजून सर्वस्वीं पटलेलें नाहीं.

परंतु एक गोष्ट सर्वांनींच पटवून घ्यावी अशी आहे. डोकें एकाएकीं, क्षणार्धांत, जन्मांत कधीं दुखलें नाहीं इतकें दुखूं लागलें. मान ताठली, वांती झाली, शुद्ध हरपली. किंवा एक पापणी पडून त्या बाजूची बाहुली मोठी झाली, तर सुंठ उगाळीत बसूं नये. त्याच तासांत मोठ्या रुग्णालयाचा रस्ता धरावा, कारण एकदां फुटलेला फुगा पहिल्याच दिवसांत पुन्हा फुटण्याची भीति सर्वांत अधिक असते. घरांत दोघां-तिघां जवळच्या आप्तांस हा विकार झाला असेल तर इतरांनींही वैद्याचा सल्ला घ्यावा. रक्तदाब ताब्यांत ठेवावा, आणि विडी-सिगारेट घरांतून घालवावी.

वहिनींच्या अर्जावर साक्षीदारांच्या दोन सह्या लागत होत्या. एक धाकट्या सूनबाईनें केली. दुसरी दादा करतील म्हणून ती जागा पांच महिने कोरी ठेवली होती. अखेर ती आम्हीं केली. कागद देव्हाऱ्याखालच्या कप्प्यांत, वहिनींच्या चिमट्याची नोंद असलेल्या कार्डाशेजारीं आहे, आणि तो कोठें आहे हें घरांतल्या लहान मुलांसही ठाऊक आहे.